मधून की कडेनं

आमच्या गोव्यात थंडी येते म्हणजे काय, तर सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा ऐकू आला तरी पांघरुणातून पाय बाहेर काढावासा वाटत नाही, इतकंच. बेळगावची माणसं हसतात आम्हांला. हसू देत. आम्ही आपले तेवढ्यावर स्वेटर काढतो, कानाला रुमाल बांधतो आणि अंगणात उन्हाला बसून ‘यंदा भारीच हो’ असं एकमेकांना सांगतो. काजूला मोहोर धरलेला असतो, त्याचा उग्र वास सकाळच्या दवात खाली बसलेला असतो, आणि डिचोलीतल्या आमच्या गल्लीत प्रत्येक गडग्यावर, दगडी कुंपणावर, गोधड्या उन्हाला पडलेल्या असतात. मीही घालते. काठीनं झोडपते. झोडपता झोडपता माझं डोकं कुठल्या कुठे जातं, आणि दुपारपर्यंत परत येत नाही.

यंदा त्यात लेकीचा फोन आला. ती वास्कोला असते, नवरा बंदरात नोकरीला. तिला आता गोधडी शिवायची हौस आलीय. आमच्या वेळी ती हौस नव्हती, घरातलं एक काम होतं. पण ते जाऊ दे. म्हणाली, आई, तीन थर पसरलेत जमिनीवर, वरचा कपडा सरकतोय, आता ते आधी जुळवून कसे धरायचे? पिना लावू, कच्चे टाके घालू, की चिकटवायचा फवारा मिळतो तो मारू? आणि टाके घालायचे तर मधून सुरुवात करू की कडेनं? मी म्हटलं, थांब, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवून दिला. चुलीवर दूध नव्हतं. काहीच नव्हतं चुलीवर. साठीच्या बाईला एवढ्या साध्या प्रश्नाचं उत्तर देता येऊ नये याचा मला इतका राग आला, की तो सगळा गोधडीवर निघाला.

प्रश्न साधाच आहे म्हणा. पण मला तो पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांची होते, पेडण्यात बाबांच्या घरी होते, आणि त्या हिवाळ्यात एकूणच कशाचंच उत्तर कुणाकडे नव्हतं. गोवा घटक राज्य होणार की नाही, झालं तर त्याची भाषा कोंकणी की मराठी, यावरून सबंध मुलूख पेटलेला. रस्त्यांवर झाडं आडवी घातलेली, बसगाड्या बंद. आमच्या ओसरीवर बाबांची मित्रमंडळी जमायची आणि मराठीसाठी घसा कोरडा होईस्तोवर बोलायची. बाबा मराठी शाळेत मास्तर. मराठीसाठी जीव द्यायला तयार. आणि ओसरीवरून उठून मासेवालीकडे गेले की शुद्ध कोंकणीत घासाघीस. मी एकदा म्हटलंसुद्धा, बाबा, हे कसं काय? तर म्हणाले, तुला कळायचं नाही. खरंच कळत नव्हतं. अजून कळलेलं नाही.

त्या आधीच्या पावसात माझी आई गेली होती. कावीळ झाली, झाडपाला झाला, म्हापशाचा दवाखाना झाला, आणि गणपतीच्या आत संपलं सगळं. माझं लग्न तिनंच ठरवून ठेवलेलं, डिचोलीच्या घरी, म्हणून ते मोडायचं नाही, वैशाखात करून टाकायचं, असं ठरलं. आता लग्न म्हटलं की गोधडी आलीच. आमच्या घराण्यात (सगळ्या पेडण्यात असं आहे की आमच्यातच, मी कधी विचारत बसले नाही) लेकीबरोबर जाणारी गोधडी पुरी शिवून देत नाहीत. आईची जुनी कापडं घ्यायची, म्हणजे साड्या, आम्ही साडीला कापडच म्हणतो. ती एकावर एक अंथरायची, आणि थर सरकू नयेत म्हणून बोटबोट लांबीचे कच्चे टाके घालून नुसतीच गुंडाळून द्यायची. पक्का टाका सासरच्या बायका घालतात. तो घालून झाला की कच्चा ओढून काढून टाकायचा. माहेरचं काम तेवढंच, जुळवून देण्याचं.

हा कच्चा टाका आईनं घालायचा असतो. आई नसेल, तर जी बाई घालील ती आईच्या जागी. पाठवणीच्या वेळी मुलीच्या पाठीवर हात ठेवून तीच उभी राहते, आणि पुढे बाळंतपण, सणवार, भांडण, सगळ्याला माहेर म्हणून तिचंच दार. म्हणजे कच्चा टाका कोण घालतं यावर माझी आई कोण हे ठरायचं होतं. आणि ते ठरवायचं होतं मी. बाबांनी सांगून टाकलं, बायकांच्या कामात मी पडणार नाही, तुझं तू बघ. सदानकदा सगळ्यात पडणारा माणूस, नेमका तेव्हाच कसा शहाणा झाला देव जाणे.

मावशी आली केरीहून. आईची धाकटी बहीण. किनाऱ्याला लागून तिचं घर, दारात वाळू, मागे सुरूची झाडं, पलीकडे पाण्यापल्याड तेरेखोलचा किल्ला. सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, पिशवी आणि एक दाभण एवढंच घेऊन आली. तिचे यजमान, आमचे काका, होडीवर असायचे. ते तापानं गेल्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मावशी बोलायची कमी, आणि बोलायची ते मालवणी म्हणा, कोंकणी म्हणा, काय म्हणाल ते. ओसरीवरच्या मंडळींपैकी एकानं तिला हटकून विचारलं, तुम्ही कुठली भाषा बोलता हो, मराठी की कोंकणी? मावशीनं दाभणात दोरा ओवला आणि म्हणाली, “माका काय म्हायत? मी उलयतंय ती.” मला काय ठाऊक, मी बोलते ती.  तिला कुठल्या बाजूला धरायचं हे मंडळींना ठरवता येईना.

मावशीनं टाका घातला आणि मला तिचा हात दिसला. आईचाच हात. दोघी बहिणी एकाच ओसरीवर टाका शिकलेल्या, त्यामुळे दोघींचाही टाका जरासा डावीकडे कलायचा. घरात आईचं सगळं तसंच होतं, कपाट, कुंकवाची डबी, न्हाणीतला दगड. त्यातलं काही बघून मला काही व्हायचं नाही. पण त्या कललेल्या टाक्याकडे मला बघवत नव्हतं, आणि दुसरीकडेही बघवत नव्हतं.

मग आत्या आली. बाबांची थोरली बहीण, दिली होती डिचोलीला, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासरच्याच गावात. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. आत्या मोठ्या आवाजाची, मोठ्या कुंकवाची, हातात सदा खळखळ बांगड्या. तयारी कुठवर आली ते बघायला एका दिवसासाठी आलेली, आणि संध्याकाळी बघते तर रस्ता बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तिचे यजमान कोंकणीच्या बाजूचे, बाबा मराठीच्या. त्यामुळे भावाबहिणींनी आपसांत ठरवून टाकलं, की रस्ता खुला होईपर्यंत फक्त हवापाण्याचं बोलायचं. हवापाण्याचं बोलून किती बोलणार? आत्याचं सगळं लक्ष गोधडीकडे वळलं.

झालं. एका घरात दोन बाया, एक गोधडी, आणि मधे मी.

मावशीची रीत अशी. सारवलेल्या जमिनीवर खालचं कापड अंथरायचं, चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, नारळ, हाताला लागेल ते ठेवायचं, वर एकेक थर हातानं निपटत आणायचा. मग बरोबर मध्यावर पहिला टाका. मध्यापासून चार दिशांना चार ओळी, मग त्यांच्या मधल्या जागा, असं करत करत शेवटी कडेला. “मदीं टाको घाल. पोट धरला काय हातपाय आपसूक येतत,” म्हणायची. थरांत अडकलेला वारा, चुण्या, ढिलाई, सगळं मधून बाहेर ढकललं जातं आणि कडेनं निघून जातं. कडा मग वाकड्या आल्या तर येऊ देत, कापून सरळ करता येतात.

आत्याला हे ऐकवेना. तिच्या गावच्या खाणीवर बेळगावकडच्या बायका कामाला यायच्या, त्यांची वाकळ बघून बघून ती शिकलेली. त्यांचं उलटं. आधी चारी कडा दुमडून पक्क्या धरायच्या, मग कडेकडेनं फिरत फिरत आत यायचं, शेवटचा टाका मध्यावर. “पयली कड बांद. दारां उघडी दवरून कोण भायर सरता?” हे आत्याचं म्हणणं, म्हणजे दारं उघडी ठेवून कोण बाहेर पडतं? आणि खोटं नव्हतं तेही. गोधडी पेडण्याहून डिचोलीला जाणार, गाडीत कोंबली जाणार, दहा हातांतून फिरणार. कडा मोकळ्या राहिल्या तर आतले थर लोंबायला लागणार. आईची कापडं किती विरलेली! सासरी पोचण्याआधीच फाटली तर?

बाबांनी तेवढ्यात ओसरीवरून सुचवून पाहिलं, की पिना लावा. दोघी त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, की ते चष्मा पुसत परत मराठीकडे गेले. खाऱ्या हवेत पिना गंजतात आणि तपकिरी डाग ठेवून जातात हे पेडण्यातल्या पोरासोरांना ठाऊक आहे.

मला काय वाटत होतं विचाराल, तर मला त्या वेळी मावशी हवी होती. हात आईचा होता. पण मावशी राहणार केरीला, नदीपल्याड-खाडीपल्याड, आणि मी डिचोलीला. आत्या हाकेच्या अंतरावर. शिवाय मावशी विधवा. विधवेनं पाठवणीला मुलीमागे उभं राहायचं नाही, असं म्हणणारी माणसं तेव्हा होती आणि खोटं कशाला बोलू, आताही आहेत. मावशीला निवडावं तर माझ्या हौसेसाठी तिला चारचौघांत कुणीतरी टोचून बोलणार. आत्याला निवडावं तर आईचा हात घराबाहेर ठेवून मी सासरी जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. त्यात दोघी माझ्याकडे बघून विचारायच्या, असंच ना गे? आणि मी दोघींनाही म्हणायची, हूं.

त्या ‘हूं’मधून सगळा घोळ झाला. सकाळी कोवळ्या उन्हात मावशी बसायची, मध्यापासून बाहेर यायची. मी कापड ताणून धरायची. जेवण झालं की मावशी परसात भांडी घासायला, काजूच्या पानांचा केर काढायला जायची. तिला रिकामं बसता येत नसे. मग आत्या बसायची, कडेकडेनं आत यायची. मी कापड ताणून धरायची. तीच गोधडी, तीच मी. सकाळचे टाके दुपारी दिसायचेच ना आत्याला? दिसायचे. दुपारचे टाके सकाळी मावशीला? तेही दिसायचे. पण एकीनंही दुसरीचा टाका उसवला नाही, की त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. गेलेल्या माणसाच्या कापडात घातलेला टाका पक्का टाका पडण्याआधी दुसऱ्यानं उसवू नये, असं आमच्यात मानतात; उसवला तर त्या गेलेल्या माणसाचं घरी येणंजाणं तुटतं म्हणे. दोघीही ते मानायच्या. मानपानात आमची माणसं एक वेळ खड्ड्यात पडतील, पण ‘सरा बाजूला’ म्हणायची नाहीत.

सगळ्यात वर आईचं निळं चौकड्यांचं कापड होतं. त्यावर काजूच्या रसाचे डाग. बोंडू पिळायच्या दिवसांत आई तेच नेसायची, आणि काजूचा डाग एकदा पडला की कुठल्या साबणाला दाद देत नाही. आत्या म्हणाली, डागाची बाजू आत घालू या, लोक काय म्हणतील. मावशीनं त्या डागावरून नुसता तळवा फिरवला, आणि कापड तसंच राहिलं. मला तेव्हा आत्याचा राग आला. पुढे कितीतरी दिवस तो माझ्या मनात होता. डागांवरून एवढं काय, असं आज वाटतं. पण आज वाटून काय उपयोग?

कडेनं येणारे टाके आणि मधून येणारे टाके एकमेकांना भेटले तेव्हा गोधडीला पोट आलं. होणारच होतं. मावशी मधून सगळी ढिलाई बाहेर ढकलत आलेली, आणि आत्यानं बाहेरची दारं लावून ठेवलेली. जायचं कुठे त्या कापडानं? मधल्या चौकटीभोवती सगळीकडून एक मोठी सुरकुती उभी राहिली, हातानं दाबली की दुसरीकडे फुगायची. मी दाबत बसले. इथे दाब, तिथे वर. तिथे दाब, इथे वर. शेवटी मला हसू यायला लागलं, आणि हसता हसता भीती वाटली की मी वेडी तर होत नाही ना.

आत्या म्हणाली, वारा हिनं कोंडला. मावशी म्हणाली, वाट तिनं बंद केली. दोघीही मला म्हणाल्या, दोघी एकमेकींना नाही. दोघींपैकी एकीनं आपले टाके काढल्याशिवाय ते पोट जाणार नव्हतं, हे तिघींनाही दिसत होतं. काढायचे कुणी? आईची जागा कुणी सोडायची? मी सांगायला हवं होतं. मी दोन्ही घरची पाहुणी होते, उपाशी. मी म्हटलं, राहू दे आता, मागाहून बघू. आणि गोधडी तशीच गुंडाळून ट्रंकेत गेली. त्याच आठवड्यात रस्ता खुला झाला, आत्या डिचोलीला गेली, मावशी केरीला. घर एकदम मोठं झालं.

कच्च्या टाक्याची मला त्या दिवसापासून एक गंमत वाटत आलीय. घालायचा तो काढायसाठीच. पक्क्या शिलाईचं कौतुक सगळे करतात, पण ती सरळ येते ती त्याच्या भरवशावर, आणि ती आली की ह्याला ओढून केरात टाकतात. लेकीला हे सांगावं तर ती म्हणेल, आई, मी एवढं विचारलं नव्हतं. खरंच आहे. तिनं विचारलं होतं मधून की कडेनं. दुपारी तिचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, मला काही सुचत नाही बाई, तू तुझ्या सासूला विचार. ती म्हणाली, त्या म्हणतात तुझ्या आईला विचार. 

वैशाख आला. त्याच दिवसांत गोवा राज्य झालं. भाषेचंही काहीतरी ठरलं होतं, कोंकणी राजभाषा, मराठीलाही जागा, असं काहीसं. आपण जिंकलो की हरलो हे बाबांना कळेना. कुणी पेढे दिले तर घ्यायचे, पण खायचे नाहीत, खिशात ठेवायचे. मांडव दारात, फटाके गावात, आणि फटाके माझ्या लग्नाचे की राज्याचे हे विचारत शेजारची म्हातारी दोनदा येऊन गेली.

लग्नाच्या आदल्या दिवशी बाबांनी दोघी बहिणींना, म्हणजे एक त्यांची आणि एक आईची, आतल्या खोलीत बसवलं आणि विचारलं, उद्या मागे उभं कोण राहणार? मी ट्रंकेवर बसले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.  ‘मावशी’ हा शब्द जिभेवर होता, अगदी टोकाशी. आणि मला दिसत होतं की मी तो उच्चारला तर उद्या मांडवात कुणीतरी तिला हात धरून बाजूला करील. मावशीनंच मला सोडवलं. ती म्हणाली, “माका फुडे काडू नकात. माजो टाको जातलो तिच्या वांगडा, तितक्यान माजा भागता.” माझा टाका तिच्यासोबत जाईल, तेवढ्यानं माझं भागतं. एवढं बोलून ती उठली आणि स्वयंपाकघरात खोबरं किसायला गेली. आत्या खाली जमिनीकडे बघत होती. तिच्या बांगड्या त्या वेळी मुळीच वाजल्या नाहीत, हे मला आठवतं. बाबा म्हणाले, मग ठरलं तर, अक्काच. आत्याला ते अक्का म्हणायचे.

मला मनातून वाटलं, हवं होतं ते मिळालं आत्याला.

पाठवणीला माझ्या पाठीवर आत्याचा हात होता. जड, गरम, घामेजलेला हात. मी मान वळवून स्वयंपाकघराच्या जनेलाकडे, खिडकीकडे, पाहत होते; तिथे गजांमागे मावशीच्या पातळाचा पांढरा काठ दिसत होता. मला रडू येत नव्हतं. सगळे म्हणत होते, रड गो बाय, रडावं, बरं असतं. मी खांदे हलवून रडल्यासारखं केलं. गाडी कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशावरून डिचोलीला लागली, रस्त्याकडेची झाडं खाणीच्या धुळीनं लाल होत गेली, आणि माझ्या मांडीवर गोधडीचं गाठोडं. आत्या शेजारी होती. वाटेत मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, तीही बोलली नाही. असं गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. मला वाटलं, जिंकलेल्या माणसाला बोलायची गरज काय?

पाहुणे पांगल्यावर सासूबाईंनी ओसरीवर चटई घातली. आता पक्का टाका घालायला बसायचं. त्या उंच, हडकुळ्या, जरा धाकच वाटावा अशा. फार बोलायच्या नाहीत. शेजारच्या दोघी-तिघी सुया घेऊन आल्या. गाठोडं सोडायला मी मुद्दाम वेळ लावला, कारण ते पोट. आता सगळ्यांसमोर ते उभं राहणार, कुणीतरी तोंडाला पदर लावणार, आणि आईविना पोरीची गोधडी अशीच असायची म्हणणार.

गोधडी उलगडली. सपाट. तळहातासारखी सपाट.

मी इकडून बघितलं, तिकडून बघितलं. सुरकुती नाही, फुगवटा नाही. मधून चार दिशांना गेलेले डावीकडे कललेले टाके, आणि ते संपले तिथून कडेपर्यंत कापड मोकळं. सगळी ढिलाई कडेला जाऊन मोकळी झालेली. आत्याचे टाके कुठेच नव्हते. एकही नव्हता. लग्नाआधी आत्या ज्या खोलीत निजायची तिथेच ती ट्रंक होती. म्हणजे तिनंच. माझं डोकं तापलं. एवढा राग? आईची जागा मिळाली, मान मिळाला, मग टाके का काढून नेले? आईच्या कापडातले? की मावशीच्या टाक्यासोबत आपला नको, विधवेच्या टाक्याला आपला चिकटायला नको, असं काही मनात आलं तिच्या? मला काही म्हणता काही उमजेना. आत्यानं रागानं केलं असावं असं वाटे, आणि वाटता वाटता तिचा तो जमिनीकडे बघणारा चेहरा समोर येई, आणि मग काहीच वाटेनासं होई.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवला. “टाको कोणाचो?”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. सबंध हिवाळा जो प्रश्न मी टाळला तो इथे, परक्या ओसरीवर, परक्या बायकांसमोर. मी ‘हूं’ म्हणून सुटू शकत नव्हते. मी म्हटलं, “दोघींचा. मावशीचा आणि आत्याचा.”

त्यांनी टाके निरखले. “हांगा एकाच हाताचो दिसता,” म्हणाल्या.

मी त्यांचं बोट धरलं. आता विचार केला तर माझंच मला नवल वाटतं, नव्या सुनेनं सासूचं बोट असं धरावं! पण धरलं, आणि निळ्या कापडाच्या कडेवर टेकवलं. कापड जुनं, विरलेलं. त्यात दाभणाची भोकं बुजत नाहीत. कडेनं एकामागं एक, एकामागं एक, बारीक रिकामी भोकं. “इथं आत्याचा आहे,” मी म्हटलं.

 सासूबाईंनी ते बोट सावकाश कडेनं फिरवत नेलं, एक बाजू, मग कोपरा, मग दुसरी बाजू. कुठेही ओरखडा नव्हता, कापड कुठे फाटलेलं नव्हतं. रागानं दोरा हिसकला असता तर त्या विरलेल्या कापडाच्या चिंध्या झाल्या असत्या. एकेक टाका कात्रीनं तोडून, एकेक दोरा अलगद काढलेला, मावशीच्या टाक्याला वाट मोकळी करून द्यायला. चारी बाजू फिरून त्या पहिल्या कोपऱ्याशी परत आल्या आणि बोट तिथेच ठेवून म्हणाल्या, “उसवताना तिका दुखलां आसतलें गो.”

तिला दुखलं असेल. तोवर मला वाटत होतं, आई गेल्याचं दुःख घरात फक्त माझंच आहे. मी त्या चटईवर, त्या निळ्या कापडावर डोकं टेकलं आणि रडले. मग तोंड धुऊन, डोक्यावरचा पदर नीट करून, भर दुपारची, नवी नवरी एकटीच आत्याच्या घराकडे चालत गेले.